थायरॉइड संप्रेरक-प्रतिरोध किती जणांना असतो आणि निदान कसे होते?

१९६७ मध्ये सॅम्युएल रेफेटॉफ व सहकाऱ्यांनी प्रथम वर्णिलेला हा विकार (यात शरीराच्या पेशी थायरॉइड संप्रेरकाला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत) साधारणपणे ४०,००० जन्मांमागे एका बालकात आढळतो, आणि त्याचा संशय नेहमीच्या थायरॉइड तपासणीतील एका विसंगतीवरून येतो: फ्री टी४ (रक्तातील मुक्त थायरॉइड संप्रेरक) वाढलेले असते, पण टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे पीयूष ग्रंथीचे संप्रेरक) दबलेले नसते. बहुतेक रुग्णांत टीएचआरबी या, थायरॉइड संप्रेरकाचा ग्राहक (संप्रेरक ओळखणारे पेशीतील प्रथिन) बनवणाऱ्या, जनुकातील दोषामुळे पीयूष ग्रंथीला रक्तातील वाढलेले संप्रेरक पुरेसे जाणवत नाही, म्हणून ती टीएसएच सोडतच राहते. हृदयात मात्र प्रामुख्याने वेगळा, शाबूत ग्राहक असल्याने वाढलेल्या संप्रेरकामुळे धडधड होते. तेवढ्यावरून नेहमीचा हायपरथायरॉइडिझम (थायरॉइडचा अतिस्राव) समजून ग्रंथी काढली जाणे, ही या आजारातली खरी शोकांतिका. म्हणून आधी वेगळ्या पद्धतीने फेरतपासणी करून प्रतिपिंडांमुळे आलेला चुकीचा आकडा वगळावा, टीएसएच स्रवणारी पीयूष ग्रंथीची गाठ नाही ना ते पाहावे, आई-वडील व भावंडांचे अहवाल जुळवावेत (दोष बहुधा प्रभावी, म्हणजे जनुकाची एकच सदोष प्रत पुरेशी, असल्याने बाधित पालकाकडून अपत्यात येण्याची शक्यता ५० टक्के असते) आणि मग जनुक-चाचणी करावी. मात्र सुमारे १५ टक्के रुग्णांत या जनुकात दोष सापडत नाही, त्यामुळे केवळ नकारात्मक अहवालावरून निदान फेटाळता येत नाही.