गोंद सांडला? आधी घासू नका

कपड्यावर चिकट काही सांडलं की हात आपोआप घासायला जातो. तेवढं टाळा, घासल्याने गोंद धाग्यांत आणखी मुरतो. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद ओला असेल तर नळाखाली उलट्या बाजूने धुवा, बहुतेक सगळा निघतो. वाळलेला असेल तर कोमट साबणपाण्यात भिजवा. मऊ आणि पांढुरका पडला की नखाने अलगद खरवडता येतो. ग्लू गनच्या गोंदाचं उलटं: कपडा फ्रीजरमध्ये ठेवा, कडक झाला की तुकडाच सुटून येतो.

मला खरी काळजी सुपरग्लूची (फेव्हिक्विकसारख्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाची) वाटते. सुती कापडावर जास्त सांडला तर तो इतका तापतो की त्वचा भाजू शकते. अंगावरच्या कपड्यावर सांडला तर लगेच भरपूर गार पाणी ओता, आणि कापसाने अजिबात पुसू नका. डाग नंतर काढता येतो: पूर्ण वाळल्यावर, कपडा अंगावर नसताना, ॲसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर लावा. आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून रंग जातो का पाहा. खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको. ॲसिटेटच्या (रेशमासारख्या चमकदार कृत्रिम धाग्याच्या) कापडाला मात्र ते लावूच नका, कापडच विरघळतं.

डाग पुरता जाईपर्यंत इस्त्री नको.