पिनेची गोष्ट राहूनच गेली

प्रश्न : माझी पुतणी शिक्षणासाठी आमच्याकडे राहते. परवा जेवताना ती सांगत होती की, गर्दीच्या बसमध्ये ती सॅक पाठीवर न घेता छातीशी धरते आणि बोटांत उघडी सेफ्टी पिन ठेवते. मी म्हणालो, “अगं, सगळेच पुरुष तसे नसतात.” मला तिला धीर द्यायचा होता, पण “असू दे, काका” म्हणून ती उठली आणि तेव्हापासून कामापुरतेच बोलते. माझे काय चुकले?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपला हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. पण सगळे पुरुष तसे असतात, असे ती म्हणालीच नव्हती. ती बसबद्दल आणि पिनेबद्दल सांगत होती. आपण मात्र आपल्यावर कोणी न केलेल्या आरोपाला उत्तर दिलेत. तिथेच विषय फिरला. तिला काय सोसावे लागले, किती वेळा, पिन वापरण्याची वेळ आली का, हे सारे बाजूला राहिले आणि काका सज्जन आहेत याची ग्वाही देण्याचे काम भरल्या ताटावरून त्या मुलीवर येऊन पडले. पाठीमागे उभा असलेला माणूस कसा आहे हे गर्दीत कळत नाही, म्हणूनच तर पिन हातात असते.

हे आजचे नाही. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर १८८१ साली बालहत्येचा खटला चालला, तेव्हा वृत्तपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीलाच नावे ठेवली गेली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून, हे दोष पुरुषांत नाहीत काय, असे विचारले, तर सुधारक म्हणवणाऱ्यांनाही ते रुचले नाही. जोतीराव फुले मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुस्तकातला राग अंगावर ओढून घेऊन स्वतःची सफाई देत बसण्याऐवजी ते टीकाकारांशी भांडले, हे मला फार मोलाचे वाटते.

आता तिच्याकडे जाऊन, “त्या दिवशी मी तुझे बोलणे मध्येच तोडले, ते चुकले, बसमध्ये काय होते ते मला ऐकायचे आहे,” एवढेच म्हणा. आपला हेतू कसा चांगला होता, हे पुन्हा समजावू नका. ती लगेच बोलेलच असे नाही. बोललीच, तर “मग त्या बसने जाऊ नकोस” हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका. आपले येणे-जाणेच बंद होईल या धास्तीने कितीतरी मुली घरी काही सांगतच नाहीत, आणि आपल्या पुतणीने तर पहिल्यांदा विश्वासाने तोंड उघडले होते. तक्रार करायची की नाही, हे तिला ठरवू द्या. करायची म्हणाली, तर सोबत जा आणि तिथेही तिलाच बोलू द्या.