मुधोळचं पिल्लू: नर घ्यावा की मादी?

मुधोळ या शिकारी कुत्र्याच्या जातीचं पहिलंच पिल्लू घेताय, फार बरं वाटलं. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा ससा-रानडुक्कर मनातून काढा. कुंपण घातलेलं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आणि रोज मनसोक्त धावणं, एवढं मुधोळला द्या.

पहिल्या खेपेला मी मादीच सुचवेन. अंगाने थोडी हलकी, आणि माझ्या अनुभवात लवकर समजूतदार होणारी. मात्र वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, तेव्हा सुमारे तीन आठवडे डोळ्यात तेल घालून जपावं लागतं. गावात मोकाट कुत्रे किती, तुम्हाला ठाऊक आहेच. नराला हा त्रास नाही. पण वाऱ्यावर माजाचा वास आला की तो कुंपण बघत नाही. माझा पहिला नर असाच दोन दिवस गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या रानात हरवला होता. घरात आधीच नर असेल तर दुसरा नकोच.

नवखे चुकतात ते इथे:
- आठ आठवड्यांच्या आत पिल्लू उचलतात.
- रंगावर भुलतात, आई बघतच नाहीत. आई माणसाला बुजत असेल तर सरळ परत फिरा.
- लसी पूर्ण होण्याआधी बाजारात फिरवतात. आपल्या पावसात लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) लसही डॉक्टरांना विचारा.

नसबंदीचं, शिकवणीचं नंतर बोलू. आधी आई बघून या.