माणूस आठवतो, मग नाव का नाही?

वय वाढलं की शब्द सुचायला वेळ लागतो, अशा तक्रारीची बरीच पत्रं आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : माझं वय ६७. ओळखीचा माणूस समोर येतो, त्याची नोकरी, मुलं, आमची मागची भेट सगळं आठवतं, पण नाव काही केल्या येत नाही. अर्ध्या तासाने भलतंच काही करत असताना ते आपोआप सुचतं. हा स्मृतिभ्रंश तर नाही?

तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून तरी तसं वाटत नाही. नंतर नाव आपोआप सुचतं, म्हणजे ते पुसलं गेलेलं नाही. ऐनवेळी हाती लागलं नाही इतकंच.

शब्द उच्चारण्याआधी मेंदू बरंच काही करतो. चित्र पाहून त्याचं नाव घ्यायला निरोगी माणसाला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात वस्तू ओळखायची, तिच्यासाठी योग्य शब्द निवडायचा, त्या शब्दाचे ध्वनी गोळा करायचे आणि जीभ-ओठांना हुकूम द्यायचा. निरोगी म्हातारपणात पहिली दोन कामं जवळजवळ शाबूत राहतात. अडतं ते तिसऱ्यावर. डेबोरा बर्क, डोनाल्ड मॅके आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये याचं जे स्पष्टीकरण मांडलं, ते आजही सर्वाधिक पटणारं आहे : शब्द आणि त्याचे ध्वनी यांच्यातले दुवे वयाबरोबर सैल होतात. जो शब्द क्वचित वापरला जातो किंवा बऱ्याच दिवसांत उच्चारलेला नाही, त्याचे दुवे आणखी सैल होतात.

अर्थाची गोष्ट वेगळी. 'होकायंत्र' या शब्दाला दिशा, चुंबक, सुई, जहाज अशा कितीतरी बाजूंनी वाट येते. एक दुवा ढिला झाला तरी बाकीचे काम भागवतात. ध्वनींकडे मात्र एकेकच दुवा जातो. माणसाच्या नावाचे तर आणखी हाल, कारण नावाला अर्थाचा आधारच नसतो. एखादा माणूस धंद्याने सुतार आहे हे लक्षात राहतं. त्याचं आडनाव सुतार आहे हे विसरायला होतं. शब्द तोच असूनही असं होतं, हे प्रयोगांतही दिसलं आहे.

तरुणांनी ठेवलेल्या नोंदवह्यांत असा प्रसंग आठवड्यातून सुमारे एकदा आढळतो. वयाबरोबर तो वाढतो आणि त्यात नावांचा वाटा मोठा असतो. आणखी एक फरक आहे, आणि माझ्या मते घाबरायला होतं ते त्यामुळेच. तरुणाला निदान "मो-ने सुरू होतं, तीन अक्षरी आहे" एवढं तरी सांगता येतं. वृद्धांना पुष्कळदा पहिलं अक्षरही सुचत नाही, म्हणून सगळंच गेलं असं वाटतं. शब्दसंग्रह मात्र साठीपर्यंत, कित्येकांचा त्यापुढेही, वाढतच असतो.

प्रश्न : शब्द अडला की त्या क्षणी काय करावं? मी हट्टाने आठवत बसते.

हट्ट सोडा. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २००८ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. शब्द अडल्यावर काहींना १० सेकंदांनी उत्तर सांगितलं, काहींना ३० सेकंदांनी. दोन दिवसांनी, जे जास्त वेळ झगडले होते ते त्याच शब्दांवर जास्त वेळा अडले. झगडताना मेंदू चुकीची वाटच घोटत असतो, असा त्याचा अर्थ लावला गेला.

दहा-पंधरा सेकंद पाहा. या वेळात वर्णमाला म्हणायची असेल तर नुसतं क, ख, ग नको. क, का, कि, की अशी बाराखडी म्हणा. शब्दाचं पहिलं अक्षर स्वरासकट जुळलं तर मदत होते, नुसतं व्यंजन जुळून फारसं साधत नाही, असं प्रयोगांत आढळलं. (पंचाहत्तरीपुढे हा उपायही कमी लागू पडतो.) 'होकायंत्र' हवं असताना 'दुर्बीण, दुर्बीण' असंच डोक्यात घोळू लागलं, तर त्याच्याशी झटापट करू नका, विषय बदला. नंतर शब्द विचारून किंवा शोधून काढा आणि, हे बहुतेक जण करत नाहीत, तो मोठ्याने दोन-तीनदा म्हणा; त्यातला एकदा पूर्ण वाक्यात. नुसतं "हां, तेच!" म्हणून सोडून दिलं तर ध्वनींचा दुवा वापरलाच जात नाही.

समारंभाला जायचं असेल तर आदल्या संध्याकाळी फोटो पाहून प्रत्येकाचं नाव तोंडाने घ्या. अलीकडे उच्चारलेलं नाव लवकर येतं.

प्रश्न : शब्दकोडी सोडवून फरक पडेल का? व्यायामाने?

कोडी सोडवल्याने कोडी चांगली सुटू लागतात. आवडत असतील तर जरूर सोडवा, पण बोलताना अडणाऱ्या नावांवर ती उतारा ठरतील असं मानू नका. माणसांशी बोलणं आणि मोठ्याने वाचणं यांत निदान ध्वनींचा तरी वापर होतो. व्यायामाबद्दल बर्मिंगहॅम विद्यापीठाचा २०१८ चा अभ्यास आहे : ज्या ज्येष्ठांचा दमसास चांगला, त्यांचे शब्द कमी अडले. गट छोटा होता आणि दिसला तो फक्त संबंध. व्यायामामुळेच तसं झालं हे त्यातून सिद्ध होत नाही. तरीही चालायला जाण्याची इतर कारणं भरपूर आहेत.

प्रश्न : डॉक्टरांकडे कधी जावं?

बोलता बोलता अचानक शब्द फुटेनासे झाले, वाक्यं अर्थहीन झाली, चेहरा एका बाजूला ओढला गेला किंवा हात लुळा पडला, तर तो पक्षाघात समजून तत्क्षणी रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

हळूहळू होणाऱ्या बदलात पाहायचं ते वेगळं. 'होकायंत्र' सुचत नाही, पण "दिशा दाखवतं ते" असं सांगता येतं, "हो..." म्हटलं की शब्द येतो : हे वयाचं. वस्तू कशासाठी वापरतात हेच सांगता येत नाही, पहिलं अक्षर देऊन उपयोग नाही, शब्द सांगितला तरी ओळखीचा वाटत नाही : इथे तपासणी हवी. रोजचे साधे शब्द अडू लागले, काही महिन्यांत वाढ झाली किंवा व्यवहारात गोंधळ होऊ लागला तरीही. डॉक्टर चित्रांची नावं विचारतील, एका मिनिटात जितके प्राणी आठवतील तितके सांगायला लावतील. चाचणी रोजच्या बोलण्यातल्या भाषेतच होऊ द्या, नाहीतर निकाल उगाच वाईट दिसतो.

जाताना औषधांची यादी सोबत न्या. अर्धशिशी आणि फिटसाठीचं टोपिरामेट शब्द अडवतं हे माहीत आहे. गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या जुन्या गोळ्यांनीही डोकं मंदावतं. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, अपुरी झोप यांवर उपचार होऊ शकतात. कानही तपासून घ्या. नाव नीट ऐकूच आलं नसेल तर ते आठवणार कुठून?

प्रश्न : वडील अडखळले की आम्ही शब्द पुरवतो. ते चिडतात.

पाच-सात सेकंद थांबा, मग "सांगू का, बाबा?" असं विचारा. हो म्हणाले तर आधी पहिलं अक्षर द्या. तेवढ्याने नाही आलं तर पूर्ण शब्द सांगा आणि तो त्यांना म्हणू द्या. चारचौघांत मात्र परीक्षा घेऊ नका.