वाचकांचे प्रश्न : पुन्हा उठणारे वीर

प्रश्न : दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात कापसाची वेचणी आटोपली की आम्ही मित्र रात्री फाशांचा भूमिका-खेळ खेळतो, म्हणजे प्रत्येकजण एकेक पात्र होऊन फासे टाकत गोष्ट पुढे नेतो. मेल्यावर उठणाऱ्या वीरांवरची, खेळाला जोडायची एक पुरवणी आम्ही आणली. वर्णने भयानक आहेत, तरी कुणालाच भीती वाटत नाही. दोष गोष्ट सांगून खेळ चालवणाऱ्याचा की पुस्तकाचा?

उत्तर : दोष पुस्तकाचाच आहे. आपण पाठवलेल्या पानांत गंजलेल्या चिलखताला अर्धे पान मिळाले आहे, पण तो वीर कोणत्या अपराधापायी थडग्यातून उठला, याबद्दल एक ओळही नाही. मारला गेला तर दुसऱ्या रात्री पूर्ण ताकदीनिशी परत येतो, एवढाच नियम आहे. मग जिंकून मिळवायचे काय? ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा याच प्रकारचा खेळ १९७४ सालचा. त्याच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला ‘डेथ नाइट’ हा मेलेला योद्धाही पुन्हा उठतो, परंतु आपल्या दुष्कृत्यांचे प्रायश्चित्त घेतल्याखेरीज त्याला कायमचे मरण येत नाही, आणि त्यामुळे तलवारीइतकेच मोल त्याच्या भूतकाळाच्या शोधाला येते. आपल्याकडे पिंपळावरच्या मुंजाची धास्ती वाटते तीही त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या इच्छेमुळे.

चित्रे मात्र फार देखणी आहेत, ती जरूर वापरावीत. नियम बदलावा : प्रत्येक वीराला मोडलेली एक शपथ द्यावी आणि प्रत्येक पुनरुत्थानाबरोबर त्याची एक आठवण पुसावी, आधी गावाचे नाव, मग आईचे.