नियमित प्लाझ्मा दाता व्हायचंय, सुरुवात कुठून करू?

आपल्याकडे प्लाझ्मा बहुतेक वेळा नेहमीच्या रक्तदानाच्या पिशवीतूनच वेगळा काढतात. त्यामुळे वारंवार द्यायचं असेल तर प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी) द्या, कळकळीनं सांगतोय. त्या जेमतेम 5 दिवस टिकतात आणि कॅन्सरच्या पेशंटना सतत लागतात. मुंबईत असाल तर परळच्या टाटा हॉस्पिटलच्या रक्तपेढीत चौकशी करा. वजन 50 किलोच्या वर हवं, शीर ठसठशीत हवी, आधीचे 3 दिवस अ‍ॅस्पिरिन नको. मशीन प्लेटलेट काढून घेतं आणि बाकीचं रक्त परत सोडतं. मध्येच ओठांना मुंग्या आल्या तर अंगावर काढू नका, लगेच सिस्टरांना सांगा. कॅल्शियम दिलं की बरं वाटतं. दोन खेपांत किमान 48 तासांचं अंतर, वर्षाला जास्तीत जास्त 24 खेपा. पैसे कुणी देऊ केले तर सरळ नाही म्हणा, रक्त विकण्यावर 1998 पासून बंदी आहे.