बाबांच्या नंबरचं रिचार्ज आधी मार

प्रश्न: मावशी, मी ३९ वर्षांचा, हिंजवडीत आयटीत आहे. बाबा झेडपीचे शिक्षक होते, त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. आई ६७ वर्षांची, कराडजवळ गावी एकटीच राहते, पुण्याला चल म्हटलं की विषय बदलते. दिवसातून चार-पाच फोन करते आणि ते पण ऐन मिटिंगमधे. पेन्शन जमा झाली का बघ, लाईट बिल भरलंस का, गॅसवाला आलाय काहीतरी नंबर मागतोय. गेल्या दोन महिन्यांत तर कहरच झालाय. वास्तविक सगळं मी इथून ऑनलाईन करतो, तरी तिचं समाधान नाही. वर दर महिन्याला बाबांच्या मोबाईलवर रिचार्ज मारायला लावायची, फोन नुसता फ्रीजवर पडून असतो, म्हणून दिवाळीनंतर ते मी बंदच केलं. बायको वैतागलीये, ताई डोंबिवलीहून नुसते सल्ले देते. आईला पुण्याला यायला कसं पटवू?

उत्तर:

अरे, पुढचं वाचायच्या आधी फोन हातात घे आणि बाबांच्या नंबरवर रिचार्ज मार. आत्ता. मग ये परत, मी थांबते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या फ्रीजपाशीच अडकले. तू ते एका वाक्यात, जाता जाता लिहिलंस. दिवाळीनंतर रिचार्ज बंद केलं म्हणतोस, आणि त्याच्याच वर लिहितोस की गेल्या दोन महिन्यांत आईचे फोन वाढलेत. या दोन गोष्टी तू एकाच पत्रात लिहिल्यास आणि तुला त्या एकमेकींना लागून आहेत हे दिसलं नाही, याचा मला खरंच राग आला.

गॅसवाला "काहीतरी नंबर" मागतोय ना, तो डिलिव्हरीचा कोड. सिलिंडर तू पुण्यातून बुक कर नाहीतर अमेरिकेतून कर, कोड येतो तो कनेक्शनला जो मोबाईल नंबर जोडलेला असेल त्याच्यावर. कनेक्शन बाबांच्या नावावर, नंबर बाबांचा. म्हणजे इतके दिवस काय होत असणार, तर दारात गॅसवाला आला की आई फ्रीजवरचा फोन उचलत असणार, चष्मा शोधत असणार, कोड वाचून दाखवत असणार आणि फोन परत जागेवर ठेवत असणार. तुला कळायचं पण नाही. आता रिचार्ज नाही म्हणून त्या फोनवर मेसेज येत नाहीत, गॅसवाला दारात ताटकळतोय, शेजारीण बघतेय, आणि आई तुला फोन लावते. तू मिटिंगमधे असतोस, कट करतोस.

पेन्शनचं पण तेच असणार. तिला कुटुंब पेन्शन मिळते, बँकेत अजून बाबांचाच नंबर असेल तर पैसे जमा झाल्याचा मेसेज त्याच फोनवर यायचा, त्यावर नजर टाकली की तिचा महिना सुरू व्हायचा. आता तिला ते मुलाला विचारावं लागतं. दर महिन्याला. स्वतःच्या पैशाबद्दल. तुमचा ऊस आहे का ते तू लिहिलं नाहीस, असेल तर हंगाम चालू आहे, बऱ्याच कारखान्यांचे तोडीचे नि वजनाचे मेसेज नोंदवलेल्या नंबरवरच येतात, ते पण गेले.

तुला वाटलं ती भावनेपोटी रिचार्ज मारायला लावते. भावना असेलच, चाळीस वर्षांचा संसार होता. पण ती त्या फोनवर घर चालवत होती रे. तो फोन पडून नव्हता, फ्रीजवर ठेवलेला होता, हाताशी.

आणि घाई का करायला लावली ते सांगते. नव्वद दिवस नंबर वापरात नसला की कंपनी तो बंद करू शकते, आणि पुढे काही दिवसांनी तोच नंबर दुसऱ्याच कोणाला तरी देतात. तुझे दोन महिने गेलेत. तो नंबर हातातून गेला तर प्रत्येक ठिकाणी तो बदलायला अर्ज, आणि बँकेचे मेसेज अनोळखी माणसाच्या खिशात.

मला हे इतकं कळतं कारण मी त्या जागी उभी राहिलेय. आमचे हे गेल्यावर मुलाने मोठ्या मायेने सगळं स्वतःच्या नंबरवर करून घेतलं, आई तुला त्रास नको म्हणाला. तिसऱ्याच महिन्यात गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन तीन जिने चढून आला आणि कोड मुलाच्या फोनवर, मुलगा विमानात. मी त्या माणसाला पाणी दिलं, बसा म्हटलं, तो बिचारा दहा मिनिटं थांबला आणि सिलिंडर परत घेऊन गेला. डाळ अर्धी शिजलेली होती, ती तशीच झाकून ठेवली. त्या दिवशी मी जितकी रडले तितकी तेराव्यालाही रडले नव्हते, कारण तेव्हा घरभर माणसं होती आणि आता स्वतःच्या स्वयंपाकघरात मला कोणाची तरी परवानगी लागत होती.

म्हणून "सगळं मी ऑनलाईन करतो तरी तिचं समाधान नाही" हे वाक्य माझ्यापाशी परत बोलू नकोस. तू बिलं भरतोस, मान्य. पण दीड वर्षात त्या घरातली एक तरी गोष्ट तिच्या नावावर झाली का? ते तू कुठेच लिहिलं नाहीस म्हणजे झाली नसावी.

तर आता पुण्याला कसं पटवू हा प्रश्न बाजूला ठेव, त्याचं उत्तर मी देणार नाही. तू तीन दिवस रजा टाक आणि गावी जा. शनिवार-रविवार नको, मधले वार घे, ऑफिसं उघडी पाहिजेत, आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद असते हे लक्षात ठेव. बाबांच्या मृत्यूदाखल्याच्या पाच-सहा झेरॉक्स काढ, मूळ प्रत आईच्या कपाटातच असेल, तिला माग, स्वतः उचकू नकोस. गॅस एजन्सीत कनेक्शन तिच्या नावावर करायचं, तिथे बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते, म्हणून निघायच्या आधी ताईला फोन करून सही मागून घे, सल्ल्यापेक्षा ती सही जास्त कामाची आहे. महावितरणचं मीटर तिच्या नावावर, बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो तो घेऊन जायचं. बँकेत तिचा नंबर जोडायचा, आणि नोव्हेंबरात तिचा हयातीचा दाखला गेला का हे त्याच टेबलावर विचारायचं, तो राहिला तर पेन्शन थांबते. बाबांचं एटीएम कार्ड कोणी अजून वापरत असेल तर ते बंद, ताबडतोब. जमीन असेल तर सातबाऱ्यावर वारस नोंद झाली का बघ, बायको, मुलगा, मुलगी तिघांचा हक्क सारखा असतो, ताईचं नाव राहिलं असेल तर ते पण घाल. जमिनीचं काम तीन दिवसांत होणार नाही, अर्ज तरी देऊन ये.

नंबर तिचा द्यायचा. तुझा नाही. ती तुला ज्या फोनवरून कॉल करते तो साधा बटणांचा असला तरी चालतो, कोड त्याच्यावर पण येतो.

आणि या तीन दिवसांत तू फोनला हात लावायचा नाहीस. गॅस एजन्सीच्या काउंटरवर ती बोलेल, तू मागे उभा राहा. फॉर्म ती भरेल, हळूहळू भरेल, मागची रांग चुळबुळ करेल, करू दे. घरी आल्यावर बुकिंगचा नंबर तिने लावायचा, एक दाबा दोन दाबा तिने ऐकायचं, चुकली तर परत लावायचं. मला माहितीये तुझे हात शिवशिवतील, "दे इकडे" तोंडातून येईल. ते दोन शब्द गिळ. वहीत सगळे नंबर तिच्याच अक्षरात लिहून घे, मोठे, प्रत्येक पानावर एकच. चाळीस वर्षं एका शिक्षकाचं घर सांभाळलेली बाई आहे ती, तिला चारदा सांगावं लागेल इतकंच.

बायकोला म्हणावं महिनाभर दम धर, फोन कमी होतील. आणि ज्या दिवशी आई नुसतं "जेवलास का" विचारायला फोन करेल ना, त्या दिवशी मिटिंगमधून बाहेर येऊन तो उचल.

सगळं तिच्या नंबरवर गेल्यावर बाबांचा फोन कपाटात टाकायची घाई करू नकोस. तो नंबर दूधवाल्याकडे आहे, वाण्याकडे आहे, बाबांच्या हाताखाली शिकलेल्या कितीतरी पोरांकडे असेल, त्यातल्या कोणाला अजून कळलंही नसेल. फोन वाजला तर ती उचलेल आणि काय सांगायचं ते सांगेल. तो कधी बंद करायचा हे ती ठरवेल. तोवर दर महिन्याला रिचार्ज तू मारायचंस, तिने आठवण करायच्या आधी.

तुझी मावशी